यकृताचे रिपोर्ट चांगले असूनही मन खचते, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी रक्तदानाच्या वेळी झालेल्या तपासणीत हिपॅटायटिस बी असल्याचे कळले. गेले वर्षभर टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, आता मोजता येणार नाही इतका खाली आला आहे, एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) नॉर्मल आहे, फायब्रोस्कॅनमध्ये (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीत) दोष नाही आणि यकृताचे डॉक्टर ‘सगळे उत्तम आहे, काळजी करू नका’ असे सांगतात. तरीही पहाटे तीन-चारला जाग येते, छातीत धडधडते, कशातच मन लागत नाही, मुलीला जवळ घ्यायची धास्ती वाटते आणि घरात तुम्ही स्वतःची भांडी वेगळी ठेवता. हे विषाणूमुळे आहे, गोळीमुळे आहे की ‘नुसते मनाचे’ आहे, गोळी काही दिवस बंद करून पाहावी का, आणि मनोविकाराची औषधे घेतली तर यकृत बिघडेल का, असे तुम्ही विचारले आहे. कामाच्या ठिकाणी हे सांगावे का, असाही एक प्रश्न शेवटी आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि अनेक वर्षांपासून यकृतविकार विभागाकडून पाठवलेले रुग्ण पाहत आलो आहे. सर्वांत आधी निकडीचे सांगतो: गोळी स्वतःहून बंद करू नका, ‘पंधरा दिवस बघू’ म्हणूनही नाही. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही औषधे विषाणूची वाढ दाबून ठेवतात, त्याला शरीरातून हाकलून देत नाहीत. दाब अचानक निघाला की विषाणू पुन्हा वाढतो, प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत यकृताच्या पेशी मरतात. क्वचित हा दाह जिवावर बेततो. तो गोळी बंद केल्यावर लगेच दिसेलच असेही नाही, कधी काही आठवड्यांनी तर कधी काही महिन्यांनी दिसतो, त्यामुळे ‘बंद केली आणि काही झाले नाही’ या अनुभवावर विसंबता येत नाही. शिवाय टेनोफोव्हिर ही नैराश्य आणणारी गोळी म्हणून ओळखली जात नाही. तसा लौकिक इंटरफेरॉन या इंजेक्शनने देण्याच्या औषधाचा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता मूळ अडचणीकडे येतो. तुमचे यकृततज्ज्ञ ‘सगळे उत्तम आहे’ म्हणतात ते यकृताबद्दल, आणि ते खरे आहे. तुम्ही ‘मी बरा नाही’ म्हणता ते स्वतःबद्दल, आणि तेही तितकेच खरे आहे. या दोन विधानांत विरोध आहे असे गृहीत धरल्यामुळेच ‘मग हे माझ्या मनाचे खेळ असणार’ असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. माझ्या पाहण्यात नैराश्याची तीव्रता यकृताच्या हानीच्या मापाने चालत नाही. सिरोसिस (यकृतात व्रणासारखे कडक ऊतक साचून ते दुबळे होणे) असलेली माणसे शांतपणे आपापली कामे करताना मी पाहिली आहेत आणि यकृतावर ओरखडाही नसलेली माणसे निदानाच्या धक्क्याने पार कोलमडलेली पाहिली आहेत. यकृताचा दीर्घकालीन संसर्ग असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळतात. ही स्वतंत्र दुखणी आहेत आणि त्यांना स्वतंत्र उपचार लागतात. व्हायरल लोड खाली आला की मनही आपोआप वर येईल, अशी वाट पाहण्यात रुग्णांची वर्षे जातात.

अर्थात बरेच काही परिस्थितीवर अवलंबून असते. संसर्ग हिपॅटायटिस बीचा आहे की सीचा, सिरोसिस आहे की नाही, सध्या किंवा पूर्वी इंटरफेरॉन घेतले आहे का, मद्यपान किती आहे, निदानाआधी कधी नैराश्य येऊन गेले होते का, घरात कोणाला ठाऊक आहे, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलते. म्हणून खाली काही मजकूर तुम्हाला थेट लागू नसला तरी तोही लिहीत आहे. असाच प्रश्न घेऊन येणारे दुसरेही असतील.

हिपॅटायटिस सीचा विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला. या संसर्गात थकवा, एकाग्रता न होणे आणि विचार मंदावणे या तक्रारी सिरोसिस नसतानाही दिसतात. दीर्घकाळ धुमसणाऱ्या दाहाचा मेंदूवर काही परिणाम होत असावा, असे मानण्यास आधार आहे. संसर्ग बरा झाल्यावर बऱ्याच जणांना हलके वाटते, पण सर्वांना नाही. आजच्या थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांनी बहुधा 8 ते 12 आठवड्यांत 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. उपचार संपल्यानंतर 12 आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही की बरे झाले असे मानतात. मात्र सीची अँटीबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेले प्रथिन, त्यानंतरही बहुतेकांच्या रक्तात राहते. त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाची पुढे एखाद्या साध्या शस्त्रक्रियेआधी तपासणी होते, ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का बसतो आणि दोन वर्षांची कमावलेली शांतता एका संध्याकाळी उधळते. उपचार करणाऱ्याने हे आधीच बजावून ठेवायला हवे, आणि ते बहुधा राहून जाते.

बीमध्ये विषाणूचा मेंदूवर थेट परिणाम तितका ठळक दिसत नाही. तिथे भार पडतो तो निदानाचा, लपवाछपवीचा आणि ‘जन्मभर’ या कल्पनेचा. तुम्ही लिहिले आहे की दर रिपोर्टमध्ये ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ वाचले की उपचार वाया जात आहेत असे वाटते. ही चाचणी बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षे पॉझिटिव्हच राहते, कारण ती ज्या प्रथिनाचा शोध घेते ते व्हायरल लोड शून्यवत झाल्यावरही रक्तात असते. उपचार लागू पडत आहेत की नाही हे व्हायरल लोड आणि एएलटी सांगतात, आणि तुमच्या बाबतीत दोन्ही चांगले आहेत. सतत नापास करणारी एक चाचणी दर वेळी उगाच पाहिली जाते, असा माझा एक जुना तक्रारीचा मुद्दा आहे; ती पुन्हा पुन्हा का केली जात आहे, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

इंटरफेरॉनची गोष्ट वेगळी आहे. ते शरीरात अशी रासायनिक साखळी सुरू करते की ज्या ट्रिप्टोफॅन या अन्नघटकापासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन तयार व्हायचे, ते दुसऱ्याच वाटेने वळवले जाते. पहिल्या काही आठवड्यांत झोप आणि भूक जाते, मग चिडचिड आणि रडू येणे सुरू होते. ज्यांना पूर्वी कधी मानसिक त्रास नव्हता त्यांनाही हे होते. बीच्या काही निवडक रुग्णांना आजही पेगिलेटेड (शरीरात जास्त काळ टिकणारे) इंटरफेरॉन साधारण 48 आठवडे दिले जाते आणि हिपॅटायटिस डी विषाणूच्या संसर्गातही ते वापरतात. अशा वेळी सुरुवातीपूर्वीच मनःस्थितीची नोंद करावी आणि उपचारभर ठरावीक अंतराने तिची पुन्हा तपासणी करावी. एके काळी नैराश्य असलेल्या सीच्या रुग्णांना याच भीतीने उपचार नाकारले जात. आता गोळ्या आल्यापासून ते कारण उरलेले नाही. नैराश्यावर आणि विषाणूवर एकाच वेळी उपचार करता येतात, आणि ‘आधी मन ठीक होऊ द्या, मग बघू’ असे कोणी सांगत असेल तर दुसरे मत घ्यावे.

प्रत्यक्ष तपासणीत माझा सर्वाधिक वेळ जातो तो थकवा आणि नैराश्य वेगळे काढण्यात, कारण दोन्हींत माणूस ‘काही करवत नाही’ हेच वाक्य बोलतो. मी एक साधा प्रश्न विचारतो: उद्या सकाळी अंगात पूर्वीची ताकद परत आली, तर काय कराल? नुसता थकलेला माणूस चटकन यादी सांगू लागतो. राहिलेले रंगकाम, अर्धवट सोडलेले पुस्तक, कोणाकडे तरी जायचे आहे. नैराश्यातला माणूस गप्प होतो, किंवा ‘काय फरक पडणार?’ म्हणतो. हा काही प्रमाणित निकष नव्हे, पण पुढचे प्रश्न कोणत्या दिशेने विचारायचे ते यावरून कळते. त्याच भेटीत मी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-12 पाहिल्याशिवाय नैराश्याचे औषध लिहीत नाही. इंटरफेरॉन घेतलेल्यांमध्ये थायरॉइडचे काम बिघडणे तर सर्रास विसरले जाते.

सिरोसिस असेल तर आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. यकृत रक्तातली अमोनियासारखी द्रव्ये पुरेशी साफ करू शकले नाही की मेंदूचे काम मंदावते, आणि त्याची सुरुवात हुबेहूब उदासीसारखी दिसते. दिवसा पेंग आणि रात्री टक्क जाग, बोलण्यात संथपणा, अक्षर बिघडणे, नेहमीचा हिशेब चुकणे, हात पुढे पसरल्यावर पंजे फडफडणे, अशी लक्षणे असली की हे काम मानसोपचारतज्ज्ञाचे नसून यकृततज्ज्ञाचे आहे आणि त्यावर लॅक्टुलोज, रिफॅक्सिमिन असे उपचार आहेत. या अवस्थेत कोणी झोपेची गोळी दिली तर माणूस बेशुद्धीकडे जाऊ शकतो. तुमच्या रिपोर्टवरून तुम्हाला हा धोका दिसत नाही.

तुमच्या वर्णनात मला नैराश्याइतकीच चिंता दिसते, आणि तिची दोन मुळे स्पष्ट आहेत: रिपोर्ट आणि संसर्गाची भीती.

रिपोर्टबद्दल आधी. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांच्या फायलीत आलेखाचा कागद असे. एएलटीचे आकडे ओळीने मांडलेले, 31, 38, 29, 41, आणि प्रत्येक चढाभोवती लाल पेनाने वर्तुळ. उताराभोवती एकही नाही. ते मधल्या काळात स्वतःहून वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासण्या करून घेत आणि आकडा चार-पाचने वाढला की आठवडाभर झोपत नसत. एएलटी असा थोडा वरखाली होतोच. आदल्या दिवशी जोरकस व्यायाम केला तरी तो वाढू शकतो आणि प्रयोगशाळा बदलली तरी आकडा बदलतो. आम्ही असे ठरवले की तपासणी फक्त यकृततज्ज्ञाने सांगितलेल्या तारखेला आणि एकाच प्रयोगशाळेत होईल, रिपोर्ट रात्री एकट्याने मोबाइलवर उघडायचा नाही, डॉक्टरांसमोरच वाचायचा. सुरुवातीचे काही आठवडे त्यांची घालमेल वाढली, आणि ती वाढणार हे त्यांना आधीच सांगितले होते. वारंवार तपासून मिळणारा दिलासा तासाभरात विरतो आणि पुन्हा तपासावेसे वाटते. हे चक्र तोडताना प्रथम त्रास होतो, मग तो आपणहून ओसरतो. तुम्हाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली असेल, तर तिच्या आधीचा आठवडा जड जाणार हे गृहीत धरूनच तपासणी आणि डॉक्टरांची भेट शक्यतो एकाच दिवशी ठेवा.

आता मुलगी आणि भांडी. हिपॅटायटिस बी रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, पापा घेतल्याने, एकच पेला वापरल्याने तो होत नाही. वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर, आणि साखर तपासायची सुई असेल तर ती. जखम झाली तर झाकावी आणि सांडलेले रक्त हातमोजे घालून, ब्लीच वापरून पुसावे. घरातल्यांचे लसीकरण पूर्ण झाले की उरलेल्या भीतीलाही फारसा आधार राहत नाही. पत्नीच्या बाबतीत शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासून घ्यावी आणि ती 10 एमआययू/मिली किंवा त्याहून जास्त आली की लस लागू झाली असे समजावे.

हे सगळे तुम्हाला ठाऊक असेलच. ठाऊक असूनही भांडी वेगळी का राहतात, याचे उत्तर चिंतेच्या स्वभावात आहे. प्रत्येक वेळी तुम्ही आपला कप बाजूला काढता, तेव्हा क्षणभर सुटल्यासारखे वाटते, आणि ‘कप वेगळा होता म्हणून मुलगी वाचली’ असा धडा मन गिरवते. कप एकत्र ठेवूनही काही झाले नाही, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून मी नुसती समजूत घालत बसत नाही, पायऱ्या आखतो. पहिल्या आठवड्यात सगळी भांडी एकत्र घासायची. पुढच्या आठवड्यात आपला कप इतरांच्या कपांत ठेवायचा आणि मिळेल तो उचलायचा. मग मुलीने तुमच्या ताटातला घास मागितला तर द्यायचा. प्रत्येक पायरीवर धडधड होईल. ती उतरेपर्यंत तिथून उठायचे नाही. मुलीला जवळ घेणे मात्र या पायऱ्यांत बसवू नका, ते आजपासूनच सुरू करा. वडील लांब का बसतात याचा अर्थ लहान मूल स्वतःच्या परीने लावते, आणि तो बहुधा स्वतःला दोष देणारा असतो.

औषधांबद्दलची तुमची भीती मला रोज ऐकू येते. तुमच्यासारखे यकृताचे काम व्यवस्थित असेल, तर सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्याची औषधे सहसा नेहमीच्याच मात्रेत देता येतात आणि टेनोफोव्हिरशी त्यांचे वाकडे नाही. सिरोसिस असेल तर मात्रा निम्म्यापासून सुरू करतो आणि संथपणे वाढवतो, कारण औषध शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील तर या गटातील औषधांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, विशेषतः सोबत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतली जात असतील तर, म्हणून त्या रुग्णांचा निर्णय यकृततज्ज्ञाशी बोलूनच घेतो. झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर मिर्टाझापिन उपयोगी पडते. ड्युलोक्सेटिन आणि अ‍ॅगोमेलाटिन मी यकृताच्या रुग्णांत टाळतो. झोपेच्या आणि चिंतेच्या तात्पुरत्या गोळ्यांपैकी डायझेपामसारख्या दीर्घकाळ अंगात राहणाऱ्या गोळ्या यकृत दुबळे असताना साचत जातात. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नसला तरी सवय लागण्याचा आहेच.

खरी भीती बाळगायची असेल तर ती ‘नैसर्गिक’ म्हणून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वस्तूंची बाळगा. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती उदासीवर घेतली जाते, पण ती हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण इतके घटवते की उपचार फसू शकतो. तणावासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. माझे रुग्ण डॉक्टरांनी दिलेली गोळी दहादा तपासतात आणि डब्यातली पावडर बिनदिक्कत घेतात, याचे मला अजून नवल वाटते.

औषध सुरू केल्यास पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी किंचित वाढू शकते. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि औषध लागू पडले की नाही हे सहा ते आठ आठवड्यांनी ठरवावे. बरे वाटू लागल्यावरही ते किमान सहा महिने चालू ठेवतात आणि हळूहळू उतरवतात. तुमचा त्रास मध्यम असेल तर केवळ बोलण्यावर आधारित उपचारांनीही सुरुवात करता येईल. त्यात मी दिवसाची आखणी आधी घेतो, कारण नैराश्यात ‘इच्छा झाली की करेन’ हा क्रम चालत नाही. ठरलेल्या वेळी छोटे काम केले की इच्छा मागून येते. पहाटे जाग आल्यावर अंथरुणात पडून यकृताचा विचार करण्यापेक्षा उठून दुसऱ्या खोलीत बसावे आणि झोप आली की परतावे. कॉफी यकृताला चांगली असे तुम्ही वाचले असेल आणि ते बरोबरही आहे, पण धडधड आणि निद्रानाश असलेल्याने ती दुपारनंतर घेऊ नये. झोपेसाठी दारू घेत असाल तर तेवढे मात्र पूर्ण थांबवा, ती यकृत आणि मन दोन्ही बिघडवते. रोजच पीत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा.

पुढच्या भेटीत ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगू नका, कारण यकृततज्ज्ञ ते पोटाशी जोडतात. ‘इतक्या आठवड्यांपासून पहाटे जाग येते, कशात रस नाही, मला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा’ असे सरळ म्हणा. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागून घ्या; तिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात आणि 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर सविस्तर तपासणी हवी. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तुमच्या लिहिण्यात तसे काही नाही, पण मी तुम्हाला समोर पाहिलेले नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: असे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट न पाहता आजच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि त्यांना बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

राहिला प्रश्न कामाच्या ठिकाणी सांगण्याचा. बहुतेक कामांत सहकाऱ्यांना तुमच्यापासून धोका नसतो, म्हणून सांगण्याची वैद्यकीय गरज नसते. शस्त्रक्रिया करणाऱ्यांसारख्या थोड्या व्यवसायांत वेगळे नियम असतात आणि कायदे ठिकाणागणिक बदलतात. पण हा निर्णय आत्ता घेऊ नका. नैराश्यात माणसाला एक तर सर्वांना सांगून मोकळे व्हावेसे वाटते किंवा कोणालाच कळू नये असे वाटते, आणि सांगितलेले परत घेता येत नाही. दोन-तीन महिन्यांच्या उपचारानंतर झोप बसली की मग त्यावर विचार करा. पत्नीला सांगितले आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. नसेल सांगितले तर तिथे मात्र थांबू नका, कारण तिची तपासणी आणि लस त्यावर अवलंबून आहे. सांगणे जड वाटत असेल तर यकृततज्ज्ञाच्या पुढच्या भेटीला तिला बरोबर न्या आणि पहिली दोन वाक्ये डॉक्टरांना बोलू द्या.